फोन उजळताना पणती: रूट केलेल्या अँड्रॉइडचं बूट अ‍ॅनिमेशन स्वतः कसं बनवायचं

बूट अ‍ॅनिमेशन म्हणजे एक झिप फाइल. तिच्यात चित्रांचे दोन-तीन फोल्डर आणि चार ओळींची एक मजकूर फाइल, बस्स. व्हिडिओ नाही, कोड नाही. फोन सुरू होताना ही चित्रं एकामागून एक पडद्यावर येतात, आणि आपल्याला कंपनीची ती चमचमती नक्षी दिसते. फोन रूट केलेला असेल (म्हणजे सिस्टमच्या फाइलींनाही हात लावायची परवानगी मिळवलेली असेल) तर ही झिप बदलणं हे एका दुपारचं काम आहे. त्यातली बरीचशी दुपार चित्रं काढण्यात जाते, बदलण्यात नाही.

उदाहरण म्हणून मी माझ्याच फोनवरची पणती घेतो. काळ्या पडद्यावर मधोमध एक ज्योत हळूच उजळते, फोन तयार होईपर्यंत डुलत राहते आणि शेवटी मावळते. ही कल्पना का निवडली ते पुढे कळेल. त्यामागे हौसेइतकंच गणितही आहे.

एक सोयीची गोष्ट आधी सांगतो. या लेखात फाइलींची नावं आणि आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. फोनवर त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायच्या, आणि मोकळी जागा इथे दिसते तिथेच सोडायची. आकडेही तिथे इंग्रजीच.

पडद्यावर नेमकं काय काय दिसतं

बटण दाबल्यावर सर्वांत आधी येतो तो स्थिर लोगो. बूटलोडर (अँड्रॉइडच्याही आधी चालणारा, त्याला उठवणारा प्रोग्रॅम) अनलॉक असेल तर त्याच्या आगेमागे एक इशाराही येतो. हे दोन्ही बूटलोडर दाखवतो, अँड्रॉइड तेव्हा जागंही झालेलं नसतं. ती चित्रं वेगळ्या पार्टिशनमध्ये (फोनच्या साठवणीच्या वेगळ्या कप्प्यात) असतात आणि त्यांच्या वाटेला जाऊ नका. तिथे चुकलं तर फोनचा दगड होऊ शकतो.

त्यानंतरची हलणारी चित्रं आपल्या कामाची. लिनक्स कर्नल (अँड्रॉइडचा गाभा) उठतं, सरफेसफ्लिंगर नावाची पडदा रंगवणारी सेवा सुरू होते, आणि ती बूटअ‍ॅनिमेशन या छोट्या प्रोग्रॅमला हाक मारते. तो ठरलेल्या जागी झिप शोधतो आणि वाजवत बसतो. मागे सगळी व्यवस्था तयार झाली की एक प्रॉपर्टी, म्हणजे सिस्टममधली एक छोटी नोंद, शून्यावरून एकवर जाते. प्रोग्रॅम तिच्याकडे सारखा डोकावत असतो. एक दिसला की आवरतं घेतो.

म्हणजे अ‍ॅनिमेशन किती वेळ चालणार हे बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. माझ्या फोनला एरवी पंधरा-वीस सेकंद लागतात, सिस्टम अपडेटनंतर त्याहून बरेच जास्त. दहा सेकंदांची सुरेख गोष्ट रचली आणि फोन आठव्या सेकंदाला तयार झाला तर शेवट कापला जातो. तिसाव्याला झाला तर तीच गोष्ट तीनदा बघावी लागते. म्हणून गोष्ट सांगायच्या फंदात पडू नये. कितीही वेळ बघितलं तरी खटकणार नाही, आणि कुठेही थांबवलं तरी अर्धवट वाटणार नाही, असं काहीतरी हवं. ज्योत तशी आहे. समुद्राची लाट, फिरणारा भोवरा, घड्याळाचा लंबक हेही चालतील.

कामाला लागण्यापूर्वी

मॅजिस्कने रूट केलेला फोन आहे असं धरतो. जॉन वू यांनी २०१६ साली आणलेलं हे साधन आता रूटचा राजमार्गच झालं आहे. फोन अजून रूट केला नसेल, तर निव्वळ अ‍ॅनिमेशनसाठी करू नका. बूटलोडर उघडताना फोनवरचा सगळा डेटा पुसला जातो, आणि नंतर बँकेची अ‍ॅप रुसतात ती वेगळीच.

लागणारं सामान असं: रूटची परवानगी घेणारा फाइल मॅनेजर (मी मिक्सप्लोरर वापरतो), संगणकावर सेव्हन-झिप, चित्रांसाठी क्रिटा किंवा जिंप, आणि चाचणीसाठी एडीबी, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा द्यायचं साधन. फोनवर यूएसबी डिबगिंग (एडीबीच्या आज्ञा ऐकायची सोय) चालू ठेवा आणि संगणकाला एकदा परवानगी देऊन ठेवा. पुढे काही बिघडलं आणि पडदा काळा राहिला, तर ही परवानगी द्यायला बटण दिसणार नाही.

पहिलं काम: मूळ फाइल शोधा

फाइल मॅनेजरला रूट परवानगी देऊन बूटअ‍ॅनिमेशन नावाची झिप शोधा. प्रोग्रॅम ती ठरावीक क्रमाने धुंडाळतो: आधी एपेक्समध्ये, मग प्रॉडक्ट पार्टिशनमध्ये, मग ओईएम आणि शेवटी सिस्टममध्ये. जुन्या फोनवर ती बहुधा /सिस्टम/मीडिया/ इथे सापडते, अलीकडच्या बऱ्याच फोनवर /प्रॉडक्ट/मीडिया/ इथे. दोन ठिकाणी सापडली तर क्रमात जी आधी येते तीच वाजते. अनेकांचं घोडं इथेच अडतं. सिस्टममधली फाइल तीनतीनदा बदलतात आणि प्रॉडक्टमधली खुशाल वाजत राहते.

गूगलच्या पिक्सेल फोनवर आणखी एक गंमत आहे. तिथे त्याच फोल्डरमध्ये नावाला डार्क जोडलेली दुसरी झिपही असते. फोन गडद थीमवर असेल तर ती चालते. दोन्ही बदला, नाहीतर थीम बदलल्यावर गोंधळून जाल.

सॅमसंगच्या फोनवर ही झिप शोधत बसू नका. सॅमसंग क्यूएमजी नावाचा स्वतःचा फाइल प्रकार वापरतो आणि आपली पीएनजी चित्रं त्याला कळत नाहीत. काही चिनी कंपन्यांच्या फोनांत फाइल माय-प्रॉडक्ट अशा वेगळ्याच पार्टिशनमध्ये ठेवलेली असते. तिथे खाली दिलेला साधा मार्ग पोचत नाही. पिक्सेल किंवा लिनिएजओएससारखी रॉम (फोनवर चढवायची अँड्रॉइडची आवृत्ती) असेल तर मात्र सगळं सरळ आहे.

सापडलेली झिप संगणकावर उतरवा, एक प्रत जपून ठेवा, दुसरी उघडा. आत काय आहे ते पाच मिनिटं नीट बघा. दुसऱ्या कुठल्याही लेखापेक्षा (या लेखापेक्षाही) तुमच्या फोनची मूळ झिप जास्त शिकवते.

चार ओळींची फाइल

झिपमध्ये डेस्क.टीएक्सटी नावाची फाइल दिसेल. सगळा कारभार तिच्या हाती. माझ्या पणतीची अशी आहे:

५४० ५४० २४
सी १ ० पार्ट०
सी ० ० पार्ट१
सी १ ० पार्ट२

पहिल्या ओळीत रुंदी, उंची आणि सेकंदाला किती चित्रं. पुढची प्रत्येक ओळ एका फोल्डरची. पहिलं अक्षर प्रकार सांगतं, पुढचा आकडा किती वेळा वाजवायचं ते (शून्य म्हणजे फोन तयार होईपर्यंत), त्यापुढचा आकडा त्या भागानंतर किती चित्रांइतका वेळ थांबायचं ते, आणि शेवटी फोल्डरचं नाव.

प्रकारात खरी खुबी आहे. इंटरनेटवरच्या बहुतेक तयार झिपांमध्ये तिथे पी असतो. पी म्हणजे फोन तयार झाल्याक्षणी जिथे असाल तिथे तोडा. सी म्हणजे हातातलं पूर्ण करूनच थांबा. सी आणि शून्य एकत्र आले की तो भाग फिरत राहतो, फोन तयार झाल्याची खूण मिळाल्यावर चालू फेरी पूर्ण करतो आणि मगच पुढच्या भागाकडे जातो. त्यामुळे ज्योत अर्ध्या डुलण्यात तुटत नाही आणि शेवटचा मावळण्याचा भाग हमखास दिसतो. शेवटच्या भागाला पी दिला असता तर तो कधी दिसलाच नसता, कारण त्याची पाळी येते तीच मुळी थांबायची खूण मिळाल्यावर.

याची किंमतही आहे. सी प्रकारचा भाग संपेपर्यंत लॉक स्क्रीन येत नाही. म्हणून फिरणारी फेरी छोटी ठेवायची आणि शेवट त्याहून छोटा. माझी फेरी ३० चित्रांची, म्हणजे सव्वा सेकंद. शेवट १२ चित्रांचा, अर्धा सेकंद. फार तर पावणेदोन सेकंदांचा खोळंबा. पाच सेकंदांचा शेवट लावलेला एक फोन मी पाहिला आहे. मालक दर वेळी कौतुकाने दाखवायचा, घरचे वैतागायचे.

शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबायला विसरू नका. प्रोग्रॅम ओळ कुठे संपली हे नव्या ओळीच्या खुणेवरून ओळखतो; ती खूण नसेल तर शेवटची ओळ तो वाचतच नाही. माझा मावळणारा भाग पहिल्यांदा दिसला नाही तो याच कारणाने, आणि ते शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

चित्रं

पडदा १०८० बाय २४०० चा आहे म्हणून चित्रंही तेवढीच करायची, हा मोह होतोच. आवरा. पीएनजी फाइल डिस्कवर लहान दिसते, पण दाखवताना ती उलगडावी लागते आणि प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात. १०८० गुणिले २४०० गुणिले ४ म्हणजे एका चित्राला सुमारे १०.४ एमबी. पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या भागाची चित्रं प्रोग्रॅम स्मृतीत धरून ठेवतो. अशी ६० चित्रं झाली की ६२० एमबीच्या वर गेलात, आणि तेही फोन आधीच धापा टाकत असताना. तेच ५४० बाय ५४० चं चित्र १.१७ एमबी घेतं. माझी ३० चित्रं मिळून ३५ एमबी.

चित्र पडद्यापेक्षा लहान असेल तर ते मधोमध येतं आणि भोवती काळं राहतं. काळ्यावर पणती ठेवायची असेल तर आपलं काम झालंच. चित्राची पार्श्वभूमी मात्र अगदी शुद्ध काळी हवी. थोडी जरी करडी राहिली तरी पडद्यावर चौकोन उमटतो, आणि ओलेड पडद्यावर तर तो डोळ्यांत खुपतो. जिंपमधल्या लेव्हल्स या साधनाने काळा बिंदू जरा वर ओढला की प्रश्न मिटतो. काळ्याऐवजी दुसरा रंग हवा असेल तर फोल्डरच्या नावापुढे हॅशची खूण देऊन रंगाचा सहा अक्षरी कोड लिहिता येतो.

ज्योत मी काढली नाही, चित्रित केली. रात्री दिवे मालवले, पंखा बंद केला, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवला आणि कॅमेऱ्याचं एक्स्पोजर कुलूपबंद केलं. ते केलं नाही तर ज्योत हलली की कॅमेरा उजेड कमीजास्त करत राहतो. मग एफएफएमपेग हा व्हिडिओचा प्रोग्रॅम वापरून व्हिडिओची सेकंदाला २४ या हिशेबाने चित्रं केली. हात चांगला असेल तर क्रिटात फ्रेम काढा आणि इमेज सिक्वेन्स म्हणून बाहेर घ्या. काढलेली ज्योत बहुधा जास्त सुंदर दिसते. माझा हात तसा नाही.

आता फेरी जोडायची. शेवटच्या चित्रानंतर पहिलं आलं की झटका बसतो. त्यावर जुना उपाय म्हणजे उलटसुलट: १ ते १६ चित्रं पुढे, मग १५ ते २ मागे. एकूण ३०. दोन्ही टोकं दुसऱ्यांदा घेऊ नका, नाहीतर तिथे क्षणभर अडखळल्यासारखं वाटतं. ज्योतीला ही युक्ती मानवते. धूर किंवा पाणी असेल तर उलटं चालणं लगेच कळतं आणि हसू येतं.

पार्ट० मध्ये फेरीच्या आधीची २४ चित्रं घ्या आणि काळ्यापासून हळूहळू उजळत आणा. त्यातलं शेवटचं चित्र फेरीच्या पहिल्याला जुळायला हवं. पार्ट२ मध्ये फेरीचं पहिलंच चित्र बारा पायऱ्यांत मंद करत न्या.

फाइलींना नावं देताना शून्यं भरा: ००००, ०००१, ०००२. क्रम नावाच्या अक्षरांवरून लागतो, किमतीवरून नाही. नुसते १, २, ३ लिहिलेत तर १ नंतर १० येतं आणि ज्योतीला उचकी लागते. आकार आणखी कमी करायचा असेल तर पीएनजीक्वांट या साधनाने रंग २५६ वर आणा. पण मंद होत जाणाऱ्या चित्रांत मग पट्टे दिसू शकतात, तिथे वापरू नका.

झिप

इथे सर्वांत जास्त लोक पडतात, आणि चुका दोनच आहेत.

पहिली: दाबलेली झिप. सेव्हन-झिपमध्ये कॉम्प्रेशन लेव्हलच्या जागी स्टोअर निवडा. प्रोग्रॅम झिपमधल्या चित्रांना थेट हात घालतो, दाबलेली असतील तर ती सोडून देतो. विंडोजमध्ये राइट क्लिक करून बनवलेली झिप दाबलेलीच असते, ती चालणार नाही.

दुसरी: फोल्डरमधला फोल्डर. झिप उघडल्यावर थेट डेस्क.टीएक्सटी आणि तीन पार्ट दिसले पाहिजेत. बाहेरचा फोल्डर निवडून झिप केलीत तर आत आणखी एक पायरी तयार होते आणि प्रोग्रॅमला काहीच सापडत नाही. म्हणून फोल्डरच्या आत जा, चारही गोष्टी निवडा आणि मग झिप करा.

फोनवर चढवणं

जुन्या व्हिडिओंमध्ये सांगतात की सिस्टम पार्टिशन लिहिण्याजोगं करा आणि फाइल बदला. किंवा /डेटा/लोकल/ मध्ये झिप टाका. दुसरा उपाय फार जुन्या अँड्रॉइडपुरता होता, तो कधीच बंद झाला. पहिला आता धोक्याचा आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून सिस्टम, प्रॉडक्ट वगैरे पार्टिशन सुपर नावाच्या एका मोठ्या पार्टिशनमध्ये बसवलेली असतात, आणि अलीकडच्या अनेक फोनांवर ती फक्त वाचता येतील अशाच पद्धतीने लिहिलेली असतात. त्यावर बूट होतानाची सहीशिक्क्यांची तपासणी. तिथे जबरदस्ती केली की फोन पूर्ण सुरू न होता पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसतो. माझ्या एका जुन्या फोनला मी हे करून पाहिलं आहे. सगळी रॉम पुन्हा चढवावी लागली.

मॅजिस्कचा मार्ग यापेक्षा हुशार आहे. तो मूळ फाइलला हात न लावता, फोन सुरू होताना तिच्यावर आपली फाइल पांघरतो. या पांघरुणाच्या फोल्डरला मॉड्यूल म्हणतात. मॉड्यूल काढलं की पांघरूण गेलं, खाली मूळ फाइल तशीच.

/डेटा/एडीबी/मॉड्यूल्स/ या फोल्डरमध्ये जा आणि तिथे पणती या अर्थाचा इंग्रजी अक्षरांतला फोल्डर करा. त्यात मॉड्यूल.प्रॉप नावाची मजकूर फाइल ठेवा. तिच्यात सहा ओळी: आयडी, नेम, व्हर्जन, व्हर्जनकोड, ऑथर, डिस्क्रिप्शन. प्रत्येकीपुढे बरोबरचं चिन्ह आणि तुमचा मजकूर. आयडी फोल्डरच्या नावासारखाच ठेवा, मध्ये जागा नको. व्हर्जनकोड हा पूर्ण आकडा हवा, १ लिहा. व्हर्जनकोडमधला कोडचा के-सारखा उच्चार होणारा सी तेवढा मोठ्या लिपीत, बाकी सगळं छोटं. फाइल फोनवरच्याच संपादकात लिहा. विंडोजच्या नोटपॅडमधून ओळी संपवण्याची वेगळी खूण येऊ शकते आणि मॅजिस्कला ती चालत नाही.

आता झिप ठेवायची जागा. मूळ फाइल /सिस्टम/मीडिया/ मध्ये होती तर मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये सिस्टम, त्यात मीडिया, त्यात झिप. मूळ फाइल /प्रॉडक्ट/मीडिया/ मध्ये होती तर सिस्टम, त्यात प्रॉडक्ट, त्यात मीडिया, त्यात झिप. प्रॉडक्ट वेगळं पार्टिशन असलं तरी मॅजिस्कमध्ये ते सिस्टमच्या पोटातच लिहायचं. नाव मूळ फाइलसारखंच, अक्षरन्‌अक्षर. परवानग्या: फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४. मिक्सप्लोररमध्ये फाइलच्या गुणधर्मांत त्या बदलता येतात.

फोन रीस्टार्ट करा. मॅजिस्कच्या मॉड्यूल यादीत पणती दिसायला हवी.

पुन्हा पुन्हा रीस्टार्ट न करता बघायचं असेल तर

फोन संगणकाला जोडा, एडीबी शेल उघडा, एसयू लिहून रूट व्हा आणि या दोन आज्ञा द्या:

सेटप्रॉप सर्व्हिस.बूटअ‍ॅनिम.एक्झिट ०
बूटअ‍ॅनिमेशन

चालू फोनवरच ज्योत पेटते. पहिली आज्ञा विसरलात तर फोन तयार असल्याची खूण आधीच दिलेली असते, आणि एकाच फेरीत सगळं आवरलं जातं. आता दुसरी खिडकी उघडून त्यात तीच प्रॉपर्टी १ करा. फेरी पूर्ण होऊन ज्योत मावळताना दिसेल. फोन खरोखर सुरू होताना जे घडतं तेच इथे हाताने घडवता येतं, त्यामुळे सांधे नीट जुळलेत का हे इथेच तपासा. बिनसलंच तर कंट्रोल आणि सी दाबून बाहेर या.

जमलं नाही तर काय दिसतं त्यावरून ओळखा

अँड्रॉइड ही इंग्रजी अक्षरं चमकताना दिसली: प्रोग्रॅमला कुठेच वाचता येईल अशी झिप मिळाली नाही, म्हणून त्याने स्वतःजवळचं ठेवणीतलं दाखवलं. म्हणजे फाइल पोचली आहे, पण परवानगी चुकली आहे.

पडदा काळाच राहिला: फोल्डरमधला फोल्डर झाला आहे, किंवा झिप दाबलेली आहे.

जुनंच अ‍ॅनिमेशन दिसलं: जागा चुकली. शोधाचा क्रम पुन्हा बघा, डार्क फाइल आठवा, आणि मॅजिस्कमध्ये मॉड्यूल चालू आहे ना ते पाहा.

चालतं, पण रखडत: चित्रं मोठी आहेत. आकार कमी करा, सेकंदाला ३० च्या वर जाऊ नका.

अ‍ॅनिमेशनची झिप बिघडली म्हणून फोन सहसा अडत नाही. तो प्रोग्रॅम बाजूला चालतो, मागची सगळी कामं त्याच्यावाचून होतात. तरीही फोन पुढे सरकलाच नाही, तर सुरू होताना आवाज कमी करण्याचं बटण दाबून धरा. सेफ मोड आला की मॅजिस्क सगळी मॉड्यूल बंद करतं. तेही जमलं नाही तर संगणकावरून एडीबीची ही आज्ञा देऊन फोन चालू करा:

एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्यूल्स

ही आज्ञा पणतीच नव्हे, सगळी मॉड्यूल काढून टाकते, तेव्हा ती अगदी शेवटी. तुमची बाकीची मॉड्यूल कोणती होती हे आधीच कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं.

आवाजाबद्दल हमखास विचारतात. पार्टच्या फोल्डरमध्ये डब्ल्यूएव्ही फाइल ठेवायची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, पण पुष्कळ फोनांवर ती वाजत नाही. माझं मत विचाराल तर वाजत असली तरी ठेवू नका. रात्री दोन वाजता फोन आपोआप अपडेट होऊन सुरू झाला आणि सनई वाजली, की घरातल्यांना काय सांगणार?